महॉगनीची खुर्ची आणि मुंबईचे शिसव

महॉगनी हे मूळचे वेस्ट इंडीज बेटांवरचे आणि मध्य अमेरिकेतले झाड. जमैका, क्युबा आणि हिस्पॅनिओला या बेटांवर त्याची एक जात वाढते. मध्य अमेरिकेपासून थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यापर्यंत दुसरी, मोठ्या पानांची जात वाढते. कूळ मात्र आपल्या ओळखीचे आहे, ते कडुनिंबाचे. ताजे कापलेले लाकूड फिकट तांबूस असते आणि वर्षे जातील तसे ते गडद होत लालसर तपकिरी रंगावर स्थिरावते. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सरदार-उमरावांच्या घरांतल्या खुर्च्या याच लाकडाच्या झाल्या, आणि त्या खुर्च्यांचे घाट पुढे शंभरेक वर्षांत मुंबईच्या दिवाणखान्यांत पोचले. लाकूड मात्र त्यांच्याबरोबर फारसे आले नाही. घाट आला आणि लाकूड मागे राहिले, यातच मुंबईच्या शिसवी खुर्चीचा जन्म आहे.

महॉगनीच्या आधी इंग्लंडमध्ये चांगल्या खुर्चीसाठी अक्रोडाचे लाकूड वापरत. १७०९ सालच्या भयंकर हिवाळ्यात युरोपातली अक्रोडाची असंख्य झाडे मेली आणि १७२० मध्ये फ्रान्सने आपल्याकडचे अक्रोडाचे लाकूड बाहेर पाठवायला बंदी केली. १७२१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली. हेतू आरमारासाठी लाकूड मिळवण्याचा होता, फायदा सुतारांचाही झाला. जमैकाहून महॉगनीचे ओंडके स्वस्तात उतरू लागले. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याने नॉरफोकमधल्या आपल्या हॉटन हॉल या प्रासादात दारे आणि जिना महॉगनीचा करून घेतला, आणि फॅशनला वरून मान्यता मिळाली.

लाकडाचे गुणही तसेच होते. अक्रोडाला कीड लवकर लागते, महॉगनीला सहसा लागत नाही. ते वाकत-पिळत नाही. झाड प्रचंड वाढत असल्याने अखंड रुंद फळी मिळते. रेषा सरळ आणि बारीक असल्याने पटाशीखाली ते भुगा होऊन सुटत नाही, त्यामुळे खुर्चीच्या पाठीला आरपार जाळी कोरली तरी ती माणसाचा भार सोसते. इंग्लिश खुर्चीची नाजूक, फितीसारखी गुंफलेली पाठ ही कारागिराच्या कल्पनेइतकीच या लाकडाच्या चिवटपणाची देणगी आहे. ओकमध्ये तसे कोरायला गेले तर फळी चिरते.

हे लाकूड तोडायचे कोणी, हा प्रश्न त्या काळच्या गिऱ्हाइकाला पडत नसे. जमैकात आणि नंतर आजच्या बेलीझमध्ये ते आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या टोळ्या तोडत. टोळीतला एक वाकबगार माणूस जंगलातल्या उंच झाडावर चढून दूरवरची महॉगनीची झाडे पानांच्या रंगावरून हेरी. मग वाट काढत जाऊन ती पाडायची, बैलांनी ओढत नदीपर्यंत आणायची आणि पुरात सोडून द्यायची. जमैकातली सोयीची झाडे अठराव्या शतकाच्या मध्यालाच संपत आली, तेव्हा व्यापार क्युबा आणि होंडुरासकडे वळला. बेलीझच्या राष्ट्रध्वजावर आजही महॉगनीचे झाड आणि दोन लाकूडतोडे आहेत.

या काळातल्या खुर्चीशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो टॉमस चिपेंडेल १७१८ मध्ये यॉर्कशरमधल्या ऑटली गावी जन्मला. लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये त्याचे दुकान आणि कारखाना होता. १७५४ मध्ये त्याने फर्निचरच्या आराखड्यांचे मोठे पुस्तक छापले. त्याआधी कोणा सुताराने असे स्वतःच्या मालाचे जंगी पुस्तक काढले नव्हते. ते विकत घेणाऱ्यांत उमराव होते तसे इतर सुतारही होते, आणि खरा परिणाम या दुसऱ्या गिऱ्हाइकांमुळे झाला: गावोगावचा कारागीर चिपेंडेलच्या आराखड्यावरून खुर्ची करू लागला. म्हणून आज ‘चिपेंडेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खुर्च्यांपैकी फारच थोड्या त्याच्या कारखान्यातल्या आहेत. त्याच्यामागून १७८८ मध्ये हेपलव्हाइटचे पुस्तक आले, तेही तो वारल्यावर त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केलेले. त्यात ढालीच्या आकाराच्या पाठीची खुर्ची आहे. १७९१ पासून शेराटनचे पुस्तक भागाभागांनी निघाले. त्यातल्या पाठी चौकोनी आणि पाय सरळ, निमुळते आहेत. जुन्या खुर्चीचा काळ ठरवताना याच तीन नावांनी ढोबळ वर्गवारी करतात.

खात्रीने चिपेंडेलची म्हणता येईल अशी महॉगनीची हातांची खुर्ची पाहायची तर यॉर्कशरमधल्या नॉस्टेल प्रायरी या घराकडे वळावे लागते. सर रोलंड विन या जमीनदाराने आपल्या ग्रंथालयासाठी त्याच्याकडून १७६७ मध्ये एक भव्य टेबल घेतले आणि पुढच्याच वर्षी हातांच्या सहा खुर्च्या. खुर्च्यांच्या पाठी तंतुवाद्याच्या आकाराच्या कोरलेल्या आहेत, बैठकींना घोड्याच्या केसांचे हिरवे कापड होते आणि सहांचे मिळून बिल ३६ पौंड झाले. टेबलाची किंमत ७२ पौंड १० शिलिंग होती. बिले आणि पत्रव्यवहार टिकल्यामुळे हे सारे कळते. त्या पत्रांत पैशांसाठी पुन्हा पुन्हा केलेल्या विनवण्याही आहेत. उमरावांना देणी थकवण्याची सवय होती आणि लंडनचा सर्वांत नामांकित सुतारही त्यातून सुटला नाही. त्याचे सर्वांत मोठे काम मात्र जवळच्याच हेअरवूड हाउसमध्ये झाले. त्या घराचे मालक लॅसेल्स घराणे वेस्ट इंडीजमधल्या साखरेवर आणि गुलामांच्या कष्टांवर श्रीमंत झालेले होते.

अशा घरात खुर्चीलाही पायरी असे. प्रवेशदालनातल्या खुर्च्यांना गादी नसे. बैठक नुसत्या लाकडाची आणि पाठीवर घराण्याचे मानचिन्ह रंगवलेले. तिथे निरोप घेऊन आलेला नोकर किंवा व्यापारी वाट पाहत बसे, आणि त्याच्या ओल्या कपड्यांनी गादी खराब होण्याचा प्रश्न नको म्हणून ही सोय. जेवणघरातल्या संचात बिनहातांच्या खुर्च्या सहा, आठ किंवा बारा आणि हातांच्या फक्त दोन असत, टेबलाच्या दोन टोकांना घरमालक आणि मालकीण यांच्यासाठी. ग्रंथालयात आणि बैठकीच्या खोलीत पाठ आणि बैठक दोन्हींना गादी असलेल्या प्रशस्त हातांच्या खुर्च्या. चिपेंडेल त्यांना फ्रेंच खुर्च्या म्हणतो. त्यांचे हात पुढच्या पायांच्या बरेच मागे, वळसा घेऊन बसवलेले असतात. बायकांचे झगे त्या काळी इतके फुगीर असत की सरळ हातांच्या खुर्चीत त्या मावल्या नसत्या.

खुर्चीच्या आतली रचना मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि भारतात आल्यावर सगळे बिघडले ते तिथेच. दिसणारे पाय, हात आणि पाठ महॉगनीची. पण गादीखाली झाकली जाणारी चौकट बहुधा बीच नावाच्या स्वस्त लाकडाची असे, कारण त्यात खिळे छान बसतात. चौकटीवर नवारीसारख्या पट्ट्या ताणायच्या, त्यावर गोणपाट, त्यावर उकळून कुरळे केलेले घोड्याचे केस दाबून भरायचे आणि वर कापड ओढून पितळी चुका मारायच्या. सांध्यांसाठी एका लाकडाला चौकोनी भोक पाडून दुसऱ्याची जीभ त्यात बसवत आणि जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस लावत. लंडनच्या कोरड्या, शेकोटीने उबवलेल्या खोलीत ही रचना दोनशे वर्षे टिकते.

मराठी मुलखातल्या दरबारात तेव्हा खुर्ची नव्हती. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने १७९० मध्ये सवाई माधवरावांशी केलेल्या तहाचा प्रसंग टॉमस डॅनियलने एका मोठ्या तैलचित्रात रंगवला. त्यासाठीची चित्रे पुण्यात राहिलेल्या जेम्स वेल्सने काढलेली होती. चित्रात सगळा दरबार बैठकीवर बसलेला आहे आणि मॅलेटसह सारे इंग्रजही. हे चित्र १८०५ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले. त्यानंतर तेरा वर्षांनी पेशवाई बुडाली आणि बसण्याचे नियम उलटे झाले: साहेबासमोर खुर्ची कोणाला मिळते यावर माणसाची पत ठरू लागली. उत्तर हिंदुस्थानात तर साहेबासमोर खुर्चीवर बसण्याच्या हक्काचा सरकारी दाखलाच मिळत असे. मुंबई इलाख्यातल्या सरदार, इनामदार आणि शेटियांच्या घरांत खुर्ची शिरली ती आरामासाठी कमी आणि अशा भेटीगाठींसाठी जास्त.

कोकणपट्टीला खुर्ची त्याआधीच ठाऊक होती, ती पोर्तुगीजांमुळे. ठाणे, वसई आणि साष्टी हा मुलूख सोळाव्या शतकापासून मराठ्यांच्या १७३७ ते १७३९ या काळातल्या मोहिमेपर्यंत पोर्तुगीजांकडे होता, गोवा तर १९६१ पर्यंत. गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांच्या वाड्यांत उंच पाठीच्या, कोरीव, वेताने विणलेल्या खुर्च्या पिढ्यान्‌पिढ्या वापरात होत्या. चांदोर येथील ब्रागांझा घराण्याच्या दुहेरी वाड्यातल्या नृत्यदालनात पोर्तुगालचा राजा दों लुईश याने भेट दिलेल्या दोन भव्य खुर्च्या मांडलेल्या आहेत. इंग्रजी घाटाची खुर्ची मुंबईत आली तेव्हा ती करू शकणारे हात आणि ती कशी विणावी याचे ज्ञान किनाऱ्यावर तयार होते.

इंग्रज अधिकारी सुरुवातीला विलायतेहून फर्निचर आणत. जहाजावर जागा महाग, म्हणून ते थोडेच येई, आणि मालक मेला किंवा परत गेला की लिलावात दुसऱ्या गोऱ्याकडे जाई. पण खरी अडचण पावसाळ्याची होती. जूनपासून चार महिने हवेतला ओलावा उतरत नाही. अशा हवेत सरस मऊ पडतो आणि सांधे खुळखुळू लागतात. पातळ पत्रीचे लाकूड चिकटवलेले असेल तर ते फुगून सुटते. गादीतल्या केसांना बुरशीचा वास येतो, त्यात किडे होतात, आणि महॉगनीला न शिवणारी कीड आतल्या बीचच्या चौकटीचा भुसा करते. वरून खुर्ची राजेशाही दिसते आणि बसणारा खाली जातो. वाळवीसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची पद्धत यातूनच सरसकट झाली.

महॉगनीची झाडे इथे लावण्याचा प्रयत्नही झाला. १७९५ मध्ये जमैकाहून रोपे कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आली आणि पुढे ती देशभर पसरली. मुंबईत दादरच्या पारशी वसाहतीत रस्त्याकडेला महॉगनीची रांग आहे. पण रस्त्यावर सावली देणारे झाड आणि कारखान्याला पुरेल असे जंगल यांत फार अंतर असते. शिवाय महॉगनीची गरजही नव्हती, कारण सह्याद्रीत साग होता आणि शिसव होते.

शिसवाचा व्यापार या किनाऱ्यावर फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून इराणच्या आखातातल्या बंदरांकडे सागाच्या आणि काळ्या लाकडाच्या तुळया जात असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख येतो. कल्याण-भिवंडीच्या खाडीवरच शिवाजी महाराजांनी आपल्या आरमाराची पहिली जहाजे बांधायला घेतली, आणि अठराव्या शतकात सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत सागाची अशी जहाजे बांधली की १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. ज्या शहरात लाकडाची इतकी जाण होती तिथे खुर्चीची नक्कल होणे अवघड नव्हते. नक्कल मात्र नक्कल राहिली नाही.

शिसव महॉगनीपेक्षा जड आणि कठीण. महॉगनीचा घनमीटर साधारण ५५० ते ७५० किलो भरतो, शिसवाचा ८०० च्या पुढेमागे. रंग जांभळट तपकिरी, त्यात काळ्या रेषा; पॉलिशनंतर तो जवळजवळ काळा दिसतो, म्हणूनच इंग्रज या लाकडाला काळे लाकूडच म्हणत. कठीण असल्याने त्यात बारीक, धारदार कोरीव काम टिकते. वाळवी आणि कीड त्याला सहसा हात लावत नाहीत. कारागीर हे प्रामुख्याने गुजराती कोरीव कामाच्या परंपरेतले होते, हवेल्यांच्या आणि देवळांच्या खांबांवर, तोरणांवर, झरोक्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वेली कोरत आलेले. त्यांच्यासमोर इंग्रजी आराखडा आला तेव्हा त्यांनी बाह्यरेषा घेतली आणि आतली सगळी मोकळी जागा आपल्या पद्धतीने भरून टाकली.

१८४० ते १८८० या काळातली मुंबईची शिसवी हातांची खुर्ची यामुळे चटकन ओळखू येते. पाठ गोल किंवा अंडाकृती, पूर्ण जाळीदार. तीत द्राक्षांचे घोस, वळणाऱ्या वेली, मधूनच मोर किंवा पोपट. हातांच्या टोकांना सिंहाचे किंवा एखाद्या काल्पनिक प्राण्याचे तोंड. पाय गुडघ्यासारखे पुढे आलेले आणि खाली पंज्यात किंवा गुंडाळीत संपणारे. ही पायांची वाकण चिपेंडेलच्या काळची; पण द्राक्षे आणि वेली व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या नव्या लाटेतल्या, आणि मोर गुजरातचा. तीन काळ आणि दोन खंड एकाच पाठीत कोरलेले असतात. बैठक गादीची नाही, वेताने विणलेली. बाकीच्या सर्व बदलांपेक्षा हा बदल मोलाचा आहे: केस, गोणपाट आणि बीचची चौकट एका फटक्यात गेली, हवा खेळू लागली, आणि विणकाम फाटले तर थोड्या पैशांत पुन्हा विणता येऊ लागले. चौकटही अखंड शिसवाची झाली.

कोरीव काम पुष्कळदा अतिरेकी होते, हे मान्यच करायला हवे. काही खुर्च्यांत पाठ टेकली की द्राक्षांचा घोस मणक्यात रुततो. बेळगावला जन्मलेला आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाशी सुरुवातीपासून संबंध असलेला जॉर्ज बर्डवुड हा भारतीय कारागिरीचा मोठा चाहता होता, पण देशी हस्तकलेवर चढणाऱ्या युरोपीय वळणांबद्दल त्याचे मत चांगले नव्हते. विलायतेतल्या गिऱ्हाइकांना मात्र हे काम आवडले. १८५१ मध्ये लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनात मुंबईचे कोरीव शिसवी फर्निचर मांडलेले होते, आणि तिथल्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमच्या संग्रहातल्या भारतीय-ब्रिटिश फर्निचरवर अमीन जाफर यांनी २००१ मध्ये सविस्तर ग्रंथ लिहिला. धंद्यात इंग्रजही उतरले. एडवर्ड विम्ब्रिज हा कलावंत १८७९ मध्ये थिऑसॉफीच्या मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांच्याबरोबर मुंबईत आला. पुढच्या वर्षी त्यांच्याशी बिनसले, आणि ब्रह्मज्ञान बाजूला ठेवून त्याने फर्निचरचा व्यवसाय काढला. तो चांगला चालला.

या खुर्च्या विकत घेणारे पारशी शेटिये, खोजे, पाठारे प्रभू, सोनार-सराफ घराणी आणि वांद्रे-माझगावची ख्रिस्ती कुटुंबे होती. दिवाणखान्यात मधोमध गोल संगमरवरी टेबल, भोवती कोच आणि हातांच्या खुर्च्या, भिंतीवर बिलोरी आरसा असा थाट असे. पेठांतल्या वाड्यांत तो पाहुण्यांच्या खोलीपुरता. माजघरात पाटच राहिले. संस्थानिकांनी मोठी झेप घेतली. चार्ल्स मँट याच्या आराखड्यावर उभे राहिलेले कोल्हापूरचे न्यू पॅलेस आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा विलायती दालनांसाठीच आखलेले होते, आणि त्या दालनांना खुर्च्या लागत.

कोरीव खुर्चीच्या शेजारीच एक साधी खुर्ची वाढली, आणि उपयोगाच्या दृष्टीने ती तिच्याहून सरस ठरली. सागाची, वेताने विणलेली, मागे कललेली आरामखुर्ची, जिचे हात लांबलचक असतात किंवा त्यांच्याखालून आणखी दोन पट्ट्या फिरवून पुढे काढता येतात. त्यावर पाय टाकून साहेब व्हरांड्यात पडे. मळेवाले, वनाधिकारी, डाकबंगले, कलेक्टर कचेऱ्या यांच्यामार्फत ती सगळीकडे गेली आणि पेन्शनीत निघालेल्या मराठी मामलेदाराच्या ओसरीवर कायमची विसावली. हिच्यात कोरीव काम नाही, पण उष्ण प्रदेशाचा विचार हिच्याइतका कोणत्याही खुर्चीत झालेला नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत गेली. फर्निचरच्या दृष्टीने या मार्गाचे महत्त्व शंभर वर्षांनी कळले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरगाव-दादरची मराठी कुटुंबे ठाणे आणि डोंबिवलीकडे सरकली आणि त्यांच्याबरोबर आजोबांची खुर्चीही. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरचा मानपाडा असो की डोंबिवलीचा मानपाडा रस्ता, दोन्हीकडच्या नव्या इमारतींत असा एखादा अवजड वारसा बाल्कनीत पडलेला सापडतो, कारण दिवाणखाना दहा बाय पंधराचा आणि खुर्ची वाड्याच्या मापाची. लिफ्टमध्येही ती धड मावत नाही. मग ती मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जाते आणि तिच्या जागी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला सोफा येतो. विकणाऱ्याला ती खुर्ची कशाची आहे हे ठाऊक असतेच असे नाही, घेणाऱ्याला असते.

ते ओळखायचे तर खुर्ची उलटी करायची. वरची बाजू पॉलिशने झाकली जाते, खालची नाही. हाताच्या करवतीच्या खुणा सरळ आणि थोड्या वेड्यावाकड्या असतात. कमानीसारख्या वळणाऱ्या खुणा दिसल्या तर लाकूड गोल चकतीच्या यांत्रिक करवतीवर कापलेले आहे, म्हणजे ते एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापूर्वीचे सहसा नसते. टोकदार स्क्रू साधारण १८५० नंतरचे. त्याआधीच्या हाताने केलेल्या स्क्रूचे टोक बोथट आणि डोक्यावरची खाच बहुधा मध्यापासून ढळलेली. संचातल्या खुर्च्यांच्या चौकटीत पटाशीने एक, दोन, तीन असे रोमन आकडे मारलेले असतात, म्हणजे प्रत्येक सुट्या बैठकीला आपली चौकट सापडावी. आकडा आठ असलेली एकटी खुर्ची हाती आली तर बाकीच्या सात कुठेतरी होत्या.

इंग्लंडच्या बाजारात सर्वांत जास्त होणारी फसवणूक हातांबाबत आहे. हातांची खुर्ची बिनहातांच्या खुर्चीपेक्षा कितीतरी महाग, म्हणून साध्या खुर्चीला मागाहून हात लावतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: मुळात हातांची म्हणून केलेली खुर्ची संचातल्या इतर खुर्च्यांपेक्षा दोनेक इंच रुंद असते, नाहीतर बसणाऱ्याचे कोपर अडकतील. मुंबईत वेगळी फसवणूक चालते. १९०० नंतर सागात केलेल्या आणि गडद रंग दिलेल्या खुर्च्या शिसवी म्हणून, किंवा पंज्यात गोळा धरलेल्या पायांमुळे थेट ‘चिपेंडेल’ म्हणून खपवल्या जातात. वजन हा पहिला पुरावा. दुसरा पुरावा झीज: हातांची टोके, पुढच्या आडव्या दांडीची वरची कड आणि मागच्या पायांचे तळ जिथे माणूस खरोखर स्पर्श करतो तिथेच झिजलेले हवेत. सगळीकडे सारखी झीज म्हणजे पॉलिश पेपरचे काम. आणि खुर्चीबरोबर जुने बिल किंवा घरातले छायाचित्र असेल तर किंमत वाढते. नॉस्टेलच्या खुर्च्यांचे मोल त्यांच्या बिलांमुळेही आहे.

इंग्लिश उमरावांच्या घरांतून खुर्च्या बाहेर पडल्या त्या कर आणि कर्जापोटी. १८८२ च्या कायद्याने वारशाने बांधलेल्या मालमत्तेची विक्री सोपी केली आणि त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टन पॅलेसमधल्या वस्तूंचा प्रचंड लिलाव झाला. १८९४ पासून वारसाकर कडक झाला. आपल्याकडे संस्थानांचे विलीनीकरण आणि १९७१ मध्ये बंद झालेले तनखे यांनी तेच काम केले.

देखभालीत सर्वांत मोठे नुकसान उत्साही पॉलिशवाला करतो. अठराव्या शतकातली महॉगनी तेल आणि मेणाने चमकवत; स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाले. त्यासाठी लागणारी लाख भारतातूनच जात होती. जुने पॉलिश खरवडून वर मेलामाइनचा थर चढवला की शंभर-दीडशे वर्षांचा रंग कायमचा जातो आणि बाजारभाव निम्म्याहून खाली येतो. मऊ कापडाने धूळ पुसणे, वर्षातून एकदोनदा मेण लावणे आणि थेट उन्हातून व एसीच्या झोतातून खुर्ची दूर ठेवणे एवढे पुरते. सैल सांध्यात खिळा ठोकू नये, लाकूड चिरते. जुना सरस गरम पाण्याने सोडवून सांधा पुन्हा सरसानेच बसवावा, म्हणजे पुढच्या वेळीही तो उघडता येतो. वेत पावसाळ्यात सैल आणि उन्हाळ्यात कडक होतो. सैल झाला की खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळू द्यावा, तो पुन्हा ताणला जातो. मऊ गादी असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली तर पावसाळ्यात मागून बुरशी धरते, म्हणून वीतभर अंतर सोडावे.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार, जो १९७६ पासून अमलात आला, शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्यावा लागतो. परदेशी असलेल्या मुलाकडे पणजोबांची खुर्ची पाठवू पाहणाऱ्या ठाण्या-डोंबिवलीच्या कुटुंबांना हा नियम बहुधा कुरिअरच्या खिडकीवरच पहिल्यांदा कळतो. लाकडांवरही आता आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत: मोठ्या पानांची महॉगनी २००३ पासून आणि शिसवाची जवळजवळ सगळी प्रजाती २०१७ पासून धोक्यातल्या वन्यजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. खुर्चीत हस्तिदंताचे जडावकाम असेल तर तिची देशातही खरेदी-विक्री करता येत नाही.